खुर्ची मालकाची, गिऱ्हाईक कारागिराचे

वस्तू विकणाऱ्या दुकानातला नोकर सोडून गेला तरी फळीवरचा माल जागेवर राहतो. केस कापण्याच्या, गाड्या दुरुस्त करण्याच्या किंवा जेवण वाढण्याच्या धंद्यात मात्र माणसाबरोबर मालच दाराबाहेर पडतो, कारण तिथे विकले जाते ते त्या माणसाच्या हातातले कसब आणि त्याच्या तोंडातला शब्द. अशा धंद्यांना सेवा व्यवसाय म्हणतात, आणि वस्तूंच्या व्यापाराहून त्यांना वेगळे करणारी दोन लक्षणे सांगितली जातात: सेवा साठवून ठेवता येत नाही, आणि ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरलीही जाते. रविवारी सकाळी कारागीर न आल्यामुळे रिकामी राहिलेली खुर्ची बुधवारी दुपारी भरून निघत नाही, आणि कात्री चुकली तर ती थेट गिऱ्हाइकाच्या डोक्यावरच चुकते. माल तपासून बाजूला काढणारा कोणी मधे उभा नसतो. चांगली माणसे मिळवणे आणि टिकवणे हा प्रश्न कारखान्यापुढेही असतो, पण छोट्या सेवा व्यवसायात तो धंद्याच्या अनेक प्रश्नांपैकी एक नसून बहुतेक वेळा तोच धंदा असतो.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातले तीन-चार खुर्च्यांचे सलून या प्रश्नाचे नेमके रूप दाखवते. तिथे काम करणाऱ्याला सहसा नोकर म्हणत नाहीत, कारागीर म्हणतात, आणि मालकाची सगळी अडचण या एका शब्दात सामावलेली आहे. जागा, आरसे, खुर्च्या, वातानुकूलन यंत्र आणि भाड्याचा करार मालकाच्या नावावर असतो. पण दर तीन आठवड्यांनी येणारे गिऱ्हाईक दाराशी येऊन पाटी वाचत नाही, ‘तो’ आहे का एवढेच विचारते, आणि तो नसेल तर ‘नंतर येतो’ म्हणून निघून जाते. कारागीर चार गल्ल्या पलीकडे गेला की त्याची निम्मी गिऱ्हाइके महिन्याभरात तिकडे दिसू लागतात, आणि नव्या माणसाचा हात बसेपर्यंत, राहिलेल्या निम्म्यांचा त्याच्यावर विश्वास बसेपर्यंत दोन-तीन महिने ती खुर्ची भाडे भरते पण पैसे आणत नाही. हा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, म्हणून पगारात दोन हजारांची वाढ नाकारताना तो मालकाच्या हिशेबात येत नाही.

या धंद्यांतले मालक एकत्र बसले की ‘हल्ली माणसेच मिळत नाहीत’ हे वाक्य हमखास ऐकू येते आणि त्याची दोन कारणेही ठरलेली असतात: तरुणांना कष्ट नकोत, आणि मोठे साखळी व्यवसाय जास्त पगार देऊन माणसे पळवतात. दुसऱ्या कारणात तथ्य आहे, पण ते पुरे नाही. पूर्वी जो मुलगा गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली पाने देत उभा राहिला असता, तो आज दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचवतो. ते काम उन्हापावसातले आहे, त्यात अपघाताचा धोका आहे, पेट्रोल स्वतःचे आहे आणि उत्पन्न दिवसागणिक बदलते, म्हणजे कष्ट टाळण्यासाठी ते कोणी निवडत नाही. ओढ आहे ती दुसऱ्या गोष्टीची. संध्याकाळी घरी जाताना आज किती मिळाले हे त्याला स्वतःच्या फोनवर दिसते आणि पैसे कधी हातात पडणार हे आधीच ठाऊक असते. गॅरेजमध्ये मात्र पगार किती हे ठरलेले असले तरी तो पाच तारखेला मिळेल की वीस तारखेला, मागची उचल किती उरली आणि गेल्या गुरुवारची सुट्टी कापली की माफ केली, हे मालकाच्या मनात असते. छोटा मालक पगाराच्या रकमेत मोठ्यांशी बरोबरी करू शकत नाही हे खरे, पण निश्चितता देण्यात त्याला कोणी अडवलेले नाही, आणि ती दिली जात नाही हेच माणसे जाण्याचे मोठे कारण आहे.

या अनिश्चिततेला कायद्याच्या रचनेनेही हातभार लावला आहे. १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम एका नोकराच्या दुकानालाही लागू होता. साप्ताहिक सुट्टी, कामाचे तास, रजा यांचे नियम, निदान कागदावर, लहानात लहान दुकानापर्यंत पोहोचत होते. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने नियमनाची रेषा दहा कामगारांवर आखली, म्हणजे त्याहून कमी माणसे असलेल्या आस्थापनेने फक्त आपल्या अस्तित्वाची सूचना द्यायची. आणि ही रेषा आणखी वर, वीसपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. त्याच कायद्यात वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अशी साठणारी अर्जित रजा आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे. पण चार कारागिरांच्या सलूनला यातले काहीच बंधनकारक नाही. मालकांची कटकट कमी झाली, हे चांगलेच झाले. मात्र जिथे कायदा थांबला तिथे दुकानाचा स्वतःचा नियम सुरू व्हायला हवा होता, आणि बहुतेक ठिकाणी तिथे मालकाची मर्जी सुरू झाली. एका कागदावर आठवड्याची सुट्टी, वर्षाच्या रजा, उशिराचा नियम आणि पगाराची तारीख लिहून तो आरशाशेजारी लावायला खर्च येत नाही. अडचण इतकीच असते की तो कागद मालकालाही बांधतो.

वेतनाच्या बाबतीत मात्र संख्येची सवलत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, म्हणजे वेतनविषयक चार जुने कायदे एकत्र करून केलेल्या २०१९ च्या कायद्यानुसार, मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो, किमान वेतन लहान आस्थापनांनाही चुकत नाही, आणि पगारातून होणारी एकूण कपात निम्म्याहून अधिक असू शकत नाही. शेवटच्या तरतुदीचा संबंध थेट उचल या प्रथेशी येतो. उचल म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. महाराष्ट्रात हा शब्द ऊसतोडीशी जोडला गेला असला तरी सलून, गॅरेज, उपाहारगृह आणि शिंपीकामातही ती सर्रास चालते, आणि अनेक मालक तिच्याकडे माणूस टिकवण्याचे साधन म्हणून पाहतात. बहिणीच्या लग्नाला चाळीस हजार दिले की कारागीर ते फिटेपर्यंत जाणार नाही, असा तो हिशेब असतो. प्रत्यक्षात घडते ते उलट. रक्कम फिटण्याच्या पलीकडे गेली की कारागिराच्या दृष्टीने पुढचा प्रत्येक महिना फुकटचा होतो, आणि मग एखाद्या सकाळी फोन बंद लागतो. मालकाचे पैसेही जातात आणि माणूसही. शिवाय कर्जाच्या बदल्यात माणसाची काम सोडण्याची मोकळीक काढून घेणे ही १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने मोडीत काढलेली गोष्ट आहे, याची जाणीव उचल देणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असते.

याच जातीचे आणखी दोन उपाय प्रचारात आहेत: पहिल्या महिन्याचे पंधरा दिवसांचे पैसे कायमचे मागे ठेवणे, आणि मूळ कागदपत्रे ‘सांभाळायला’ घेणे. दोन्हींतून पहिल्याच दिवशी कारागिराला कळते की मालकाचा त्याच्यावर विश्वास नाही. उचल द्यावीच लागते, कारण या माणसांना बँक दारात उभे करत नाही; पण ती दोन पगारांच्या आत राहावी, हप्ता ठरलेला असावा आणि उरलेला आकडा दोघांच्या सहीने वहीत लिहिलेला असावा, एवढ्याने तिच्यातली गाठ बरीच सैल होते.

पगार कसा ठरवावा हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. सलूनमध्ये दोन पद्धती आहेत: ठरलेला महिना, किंवा टक्केवारी, म्हणजे कारागिराने केलेल्या कामाच्या पैशांत मालकाशी वाटणी, जी अनेक ठिकाणी निम्मी-निम्मी असते. महिन्यावर काम करणारा गर्दीच्या दिवशी दहावे गिऱ्हाईक हसून घेत नाही, कारण त्याला त्यातून काही मिळत नाही. टक्केवारीवरचा ते घेतो, पण घाईत उरकतो, झाडू हातात घेत नाही, आणि पैसेवाले गिऱ्हाईक आपल्या खुर्चीवर यावे म्हणून शेजारच्या कारागिराशी भांडतो. त्यातच श्रावण येतो. अनेक घरांत त्या महिन्यात दाढी-कटिंग टाळली जाते, टक्केवारीवरच्या माणसाचे उत्पन्न एकदम खाली येते, घरभाडे मात्र तेवढेच राहते, आणि गणपतीच्या तोंडावर, धंदा पुन्हा सुरू होताना, दुकानात एक माणूस कमी असतो. त्याचा दोष सहसा त्याच्या चंचलपणाला दिला जातो. घर चालेल एवढा ठरलेला पगार आणि एका मर्यादेवरच्या कामावर वाटणी अशी मिश्र पद्धत या दोन्ही टोकांपेक्षा बरी चालते, कारण मंदीचा धोका ती मालकाकडे ठेवते. आणि तो तिथेच असायला हवा, कारण लग्नसराईचा नफाही त्याच्याकडेच जातो. वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांचे वर्ष याच्या उलट फिरते. त्यांची धावपळ चैत्र-वैशाखातली, आणि पाऊस पडला की हात रिकामे. जो मालक पावसाळ्यात माणसे कमी करतो त्याला फाल्गुनात नवी शोधावी लागतात, आणि जो त्यांना थोड्या कमी पैशांवर का होईना ठेवून घेऊन नव्या यंत्रांचे काम शिकवतो त्याच्याकडे उन्हाळा सुरू होताना तयार हात असतात.

माणूस शोधण्याची रीत बहुतेक धंद्यांत एकच आहे: असलेल्या माणसाला सांगायचे की गावाकडून एखादा घेऊन ये. या रीतीला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण आणणारा माणूस आणलेल्याची हमी असतो आणि त्याने कामचुकारपणा केला तर गावात त्याचे तोंड खाली होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात, लोकांना नोकऱ्या कशा मिळतात याचा अभ्यास केला तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना त्या ओळखीतूनच मिळाल्याचे दिसले. मात्र उपयोगी पडलेली ओळख बऱ्याचदा जवळच्या मित्राची नव्हती, अधूनमधून भेटणाऱ्याची होती. याला त्यांनी विरळ धाग्यांचे बळ म्हटले: जवळच्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते, नवी बातमी लांबच्याकडून येते. ग्रॅनोव्हेटर यांचा अभ्यास शिकलेल्या नोकरदारांचा होता, तरी छोट्या मालकाला त्यातून घेण्यासारखे आहे. कंगवे-क्रीम पुरवणारा, कात्र्यांना धार लावणारा, सुटे भाग आणून देणारा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला शिक्षक ही माणसे दिवसाला वीस दुकाने किंवा वर्षाला शंभर मुले पाहतात, कोणाचा हात चांगला आहे आणि कोण कुठे नाराज आहे हे त्यांना कळते, आणि त्यांना विचारण्याचे मात्र क्वचितच सुचते.

सगळी माणसे एकाच गावची असण्याचा तोटा ती एकदम जातात हा आहे. छठ, होळी, शिमगा किंवा भावकीतले लग्न आले की अख्खे दुकान गाडीत बसते. मुंबईच्या डबेवाल्यांनी हा प्रश्न ज्या सरळपणे सोडवला आहे त्याची चर्चा त्यांच्या अचूकतेच्या दंतकथांपुढे मागे पडते. १८९० मध्ये सुरू झालेल्या या व्यवसायातली माणसे मुख्यतः मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली, आणि चैत्रात ग्रामदैवतांच्या यात्रा आल्या की ती काही दिवस डबे बंद ठेवून गावी जातात. तारखा आधी जाहीर होतात आणि मुंबईसारखे शहर त्या दिवसांची आपापली सोय लावते. जी सुट्टी माणूस कोणत्याही परिस्थितीत घेणारच, ती मागायला लावण्यात अर्थ नसतो हे त्यांनी ओळखले आहे. त्यांची दुसरी गोष्ट नक्कल करायला अधिक अवघड आहे: तिथे नवा माणूस सुरुवातीला ठरावीक पैशांवर काम करतो आणि पुढे आपल्या गटात भागीदार होतो, गटाचे उत्पन्न सारखे वाटले जाते, आणि वर मालक नसून मुकादम असतो. चार खुर्च्यांचा मालक आपले दुकान असे वाटून टाकणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही.

निवड करताना बोलण्यावरून माणूस ओळखता येतो असा मालकांना फार विश्वास असतो, आणि तो फारसा खरा ठरत नाही. सेवा व्यवसायात याहून सोपी कसोटी हाताशी आहे: दोन-तीन दिवस प्रत्यक्ष काम देऊन पाहणे. त्या दिवसांचे पैसे दिले पाहिजेत, कारण फुकट राबवून घेतलेल्या चाचणीला फक्त अगदी गरजू येतात आणि चांगला कारागीर दुसरीकडे जातो. हात पहिल्या तासात कळतो. उरलेल्या वेळात पाहण्यासारखे असते ते वेगळेच, गिऱ्हाईक नसताना तो काय करतो, चूक झाल्यावर ती सांगतो की झाकतो, आणि चहा आणणाऱ्या मुलाशी कसा बोलतो. कौशल्य शिकवता येते, हा शेवटचा भाग वयाच्या पंचविशीनंतर शिकवता येत नाही.

टिकण्याचा संबंध पगाराइतकाच पुढच्या पायरीशी असतो. दक्षिण कन्नडमधून मुंबईला आलेल्या मुलांनी उडुपी उपाहारगृहांत भांडी घासण्यापासून सुरुवात केली, दिवसा काम आणि रात्री रात्रशाळा असे काढले, आणि त्यांतले काही टेबलापासून गल्ल्यापर्यंत, गल्ल्यापासून स्वतःच्या हॉटेलपर्यंत पोहोचले. हे सर्वांच्या वाट्याला आले नाही, कामाचे तास क्रूर होते आणि त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही; पण टेबल पुसणाऱ्याला आपल्यापुढची पायरी डोळ्यांना दिसत होती, कारण तिच्यावर त्याच्याच गावचा कोणी उभा होता. आजच्या सलूनमध्ये हेल्परच्या हातात कात्री कधी येईल हे कोणीच सांगत नाही, कारण आली की तो पगार वाढवून मागेल. सहा महिन्यांनी दाढी, वर्षाने साधी कटिंग, मग रंगकाम, आणि प्रत्येक टप्प्याला ठरलेली वाढ, असे आधी सांगितले तर तो ते वर्ष थांबतो. ते सांगितले नाही तर कात्री त्याच्या हातात शेजारच्या दुकानात येते.

बायकांच्या सौंदर्यालयांत, म्हणजे रूढ भाषेत पार्लरमध्ये, पायरीपेक्षा वेळ मोठा ठरतो. लग्न, बाळंतपण आणि मुलांची शाळा या तीन वळणांवर शिकलेल्या हातांची गळती होते आणि ‘बायका टिकत नाहीत’ असे निदान केले जाते. मॉलमधल्या साखळी पार्लरला नऊ तासांची पाळी मोडणे अवघड असते, कारण तिथले वेळापत्रक दुसऱ्या शहरात ठरते. घराजवळच्या पार्लरला मात्र दहा ते चार येणारी एक आणि चार ते आठ येणारी दुसरी अशी घडी बसवता येते, आणि रात्री उशीर झालाच तर रिक्षाचे पैसे देता येतात. लहान असण्याचा हा फायदा आहे, आणि लहान धंदे तो वापरण्याऐवजी मोठ्यांच्या पाळ्यांची नक्कल करताना दिसतात.

माणूस गेल्यावर कारण विचारण्याची पद्धत आहे, पण तोवर उशीर झालेला असतो. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले की एखाद्या संस्थेवर नाराज झालेल्यापुढे दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा बोलून दाखवणे, आणि निष्ठा म्हणजे बाहेर पडण्याआधी बोलून पाहण्याची तयारी. छोट्या दुकानात बोलणे मोठ्या कंपनीपेक्षा सोपे असेल असे वाटते, कारण मालक दोन हातांवर बसलेला असतो, पण नेमके त्यामुळेच ते अवघड होते: तक्रार ऐकणारा आणि तक्रारीचा विषय हा एकच माणूस असतो, आणि तो गिऱ्हाइकांसमोर ओरडणाराही असू शकतो. महिन्यातून एकदा दुकान बंद झाल्यावर अर्धा तास बसणे, आणि त्यात निघालेल्या गाऱ्हाण्यांपैकी एक तरी पुढच्या महिन्याआधी दूर करणे, हे औपचारिक वाटले तरी चालते. पंखा बदलला गेला की पुढच्या वेळी पगाराचा विषय निघतो. तो निघणे मालकाला रुचत नाही, पण बंद लागणाऱ्या फोनपेक्षा ते स्वस्त असते.

विमा आणि निवृत्तीची रक्कम या गोष्टी छोट्या दुकानाच्या आवाक्याबाहेरच्या समजल्या जातात. कर्मचारी राज्य विमा योजना दहा माणसांपासून आणि भविष्य निर्वाह निधी वीसपासून लागू होतो, हे त्याचे कारण. पण पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, आणि जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत तेवढ्याच रकमेचे आयुर्विमा संरक्षण. चार माणसांचे दोन्ही हप्ते मालकाने भरले तरी वर्षाला दोन हजार रुपये लागत नाहीत. उपदानाचेही तसेच आहे. उपदान, ज्याला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात, ते दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत सहसा पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतके मिळते, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. म्हणजे शेवटचा पगार अठरा हजार असेल आणि सहा वर्षे झाली असतील तर सुमारे ६२ हजार रुपये. चार कारागिरांच्या मालकावर ही सक्ती नाही. तो दर महिन्याला कारागिरामागे हजाराच्या आत रक्कम बाजूला ठेवून हेच स्वतःहून देऊ शकतो, आणि पाचव्या वर्षाकडे डोळे लावून बसलेला कारागीर चौथ्या वर्षी दोन हजारांसाठी सहसा दुकान बदलत नाही.

तरीही चांगला कारागीर एक दिवस जाणारच असतो, आणि बहुधा स्वतःचे दुकान टाकायला. त्या दिवशी मालक काय करतो याकडे उरलेले तिघे बारकाईने पाहत असतात. वेतन संहितेनुसार, राजीनामा दिलेल्या माणसाचाही राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. पण पाहणाऱ्यांना कलम ठाऊक नसते, त्यांना दिसते ते एवढेच की त्याची वही समोर ठेवून उचलीचा शेवटचा आकडा वजा करून पैसे मोजून दिले गेले, की ‘पुढच्या आठवड्यात ये’ म्हणून त्याला पाच फेऱ्या मारायला लावले गेले. पहिल्या प्रकारे निरोप मिळालेला माणूस नव्या दुकानात गर्दी झाली की जुन्या मालकाकडे गिऱ्हाईक पाठवतो, आणि गावाकडून दोन मुले आली व त्याला एकच हवा असेल तर दुसऱ्याला कुठे न्यायचे हे त्याला ठाऊक असते.